कुलूप कुणासाठी? क्रॅक, पायरसी आणि माझा पहिला ओरिजिनल गेम

आज मी उमरग्यातूनच बोलतोय, घरच्या माडीवरून. मागे ट्रकचा आवाज आला तर समजून घ्या. सोलापूर-हैदराबाद रोड आहे, माझ्या रेकॉर्डिंगसाठी तो काही थांबणार नाही.

मागच्या एपिसोडनंतर एका मित्राने मेसेज केला होता. "दादा, क्रॅक केलेला गेम खेळणं चोरी आहे का? एका शब्दात सांग." एका शब्दात सांगायचं तर, हो. आता एपिसोड संपवायला हरकत नाही. (हसतो) पण मग माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगायच्या राहतील. एक म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी खेळलेले जवळजवळ सगळे गेम चोरीचे होते. दुसरी म्हणजे गेली काही वर्षं माझ्या पगारातला एक भाग सॉफ्टवेअरला कुलूप लावण्याच्या कामातून येतो. म्हणजे मी दाराच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलोय. आज तेवढंच सांगतो.

सहावीत असताना एसटी स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत जायचो. सहा कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये, आणि लाईट गेली की राहिलेली मिनिटं वहीत लिहून ठेवायची. लाईट रोजच जायची, त्यामुळे त्या वहीत माझ्या नावावर कायम काहीतरी जमा असायचं. व्हाइस सिटी, आयजीआय, काउंटर-स्ट्राइक आणि क्रिकेट ०७. 'ओरिजिनल गेम' नावाची काही वस्तू असते हे आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं. गेम म्हणजे कॅफेवाले काका डी ड्राइव्हमधून टाकून देतात ती गोष्ट. काकांकडे त्या सोलापूरहून आलेल्या सीड्यांवरून यायच्या. सीडीवर मार्करने नाव लिहिलेलं, ते पण चुकीच्या स्पेलिंगमध्ये.

घरी कॉम्प्युटर आला तेव्हा काकांनीच शिकवलं. सेटअप चालव, मग 'क्रॅक' फोल्डर उघड, आतली फाईल कॉपी कर, गेमच्या फोल्डरमध्ये पेस्ट कर, 'रिप्लेस करू का' विचारलं की येस म्हण. फाईलचा पाथ काय असतो, एक्झी म्हणजे काय, ॲडमिन म्हणजे कोण, हे मी शाळेत नाही, त्या क्रॅक फोल्डरमध्ये शिकलो. आणि सगळ्यात पहिली पायरी असायची: अँटिव्हायरस बंद कर. सायबर सिक्युरिटीचा माझा पहिला धडा असा उलटा झाला. लोक हल्ली हे फार कौतुकाने सांगतात, 'पायरसीमुळे इंजिनिअर झालो' वगैरे. माझ्यासोबत त्याच कॅफेत बसणारी बाकीची दहा-बारा पोरं इंजिनिअर झाली नाहीत, हे पण सांगायला पाहिजे.

आता हे क्रॅक नेमकं काय करतं? त्या काळात सेफडिस्क नावाचं एक कुलूप बऱ्याच गेमना असायचं. कारखान्यात सीडी बनवतानाच तिच्यात काही जागा मुद्दाम खराब करून ठेवायचे. साध्या रायटरवर कॉपी मारली की ती खराबी तशीच्या तशी उतरत नसे. गेम सुरू होताना आधी ती खराब जागा शोधायचा. सापडली तर सीडी खरी, नाहीतर 'ओरिजिनल डिस्क टाका'. थोडक्यात, दारात एक वॉचमन बसवलाय आणि तो प्रत्येकाला विचारतो, "पास आहे का?" क्रॅक करणारा माणूस कुलूप फोडत बसत नाही. तो वॉचमनला शिकवतो, की कुणीही आलं तरी 'आहे' असंच ऐकायचं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी सांगतो, कोडमधली एक 'इफ'ची अट फिरवायची, बस. ती शोधायला रात्री जातात ही गोष्ट वेगळी.

गावात लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे पण तुम्ही कुलूप पाहिलं असेल. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरसोबत कॉम्प्युटरच्या मागे खोचायचा एक छोटा डबा यायचा. इंग्रजीत डोंगल. आपल्याकडे मात्र त्याला सरळ 'लॉक' म्हणायचे, आणि लॉक हरवलं की धंदा बंद.

तर २०१३ साली दहावीचा निकाल लागला आणि पुण्याच्या मामाने बक्षीस पाठवलं. ओरिजिनल गेम, ९९९ रुपयांचा. गेमचं नाव सांगत नाही, कंपनी मोठी आहे आणि मी लहान माणूस. आयुष्यात पहिल्यांदा मी गेमची डबी बघत होतो. आत दोन डीव्हीडी, एक पुस्तिका, आणि पुस्तिकेच्या मागे पंचवीसेक अक्षरांची की. मी ती डबी दोन दिवस उशाशी घेऊन झोपलोय, खोटं नाही सांगत.

इन्स्टॉल केला. स्क्रीनवर आलं, इंटरनेटला जोडा, खातं उघडा, गेम ॲक्टिव्हेट करा. आमच्याकडे तेव्हा टूजीचं डोंगल होतं, गच्चीवर पत्र्याला टेकवून ठेवलं तर रेंज यायची. खातं उघडण्यातच एक दुपार गेली. मग म्हणालं, आधी अपडेट घ्या. चार जीबीच्या वर. महिन्याला एक जीबीचा रिचार्ज, त्यात दिवसातून दोनदा लाईट जाणार. डाउनलोड मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. आठ दिवस मी हे केलं. नवव्या दिवशी काकांकडे गेलो. त्यांनी डबी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "येड्या, हजार रुपये घालून रडायलास व्हय? ह्याचं क्रॅक हाय की माझ्याकडं."

क्रॅक बारा एमबीचं होतं. पेनड्राइव्हवर आणलं, पेस्ट केलं, गेम सुरू झाला.

रात्री मामाचा फोन आला, "कसा आहे रे गेम?" मी म्हणालो, "भारी आहे मामा." खरं काय झालं ते त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. हा एपिसोड त्यांनी ऐकला तर आज कळेल.

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, हे फक्त उमरग्यात झालेलं नाही. २००८ मध्ये स्पोर नावाचा गेम आला. त्याचं कुलूप असं, की विकत घेतलेला गेम ठराविक कॉम्प्युटरवरच चालू करता येणार, आधी तर फक्त तीन. लोक चिडले. त्याच गेमची चोरीची प्रत त्या वर्षी सगळ्यात जास्त डाउनलोड झालेल्या प्रतींमध्ये गेली. २०१० मध्ये यूबीसॉफ्टने असासिन्स क्रीड २ ला अट घातली, की एकट्याने खेळायचा गेम असला तरी इंटरनेट अखंड चालू पाहिजे. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले लोक खेळाबाहेर. आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा २००८ चाच. रेनबो सिक्स व्हेगास २ विकत घेऊन डाउनलोड केलेल्यांना तो चालेना, कारण गेम सीडी मागत होता आणि सीडी तर नव्हतीच. यूबीसॉफ्टकडून त्यावर जो अधिकृत उपाय आला त्या फाईलच्या पोटात क्रॅक करणाऱ्या टोळीची सही सापडली! म्हणजे कंपनीचा माणूस पण शेवटी आमच्या काकांकडेच गेला.

सेफडिस्कचं पुढे काय झालं? २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि मायक्रोसॉफ्टने त्या कुलपाचा ड्रायव्हर चालवणंच बंद केलं, कारण त्यातल्या भोकातून हॅकर आत शिरू शकत होते. निर्णय बरोबरच होता. पण ज्यांच्या कपाटात त्या कुलपाच्या खऱ्या सीड्या होत्या, त्यांचे गेम नवीन कॉम्प्युटरवर उघडेनात. क्रॅकवाल्यांचे उघडत होते, त्यांचा वॉचमन आधीच गेलेला.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, दादा क्रॅकच्या बाजूने आहे. थांबा.

२०२१ च्या सुरुवातीला मी वर्क फ्रॉम होम म्हणून इथेच होतो. चुलत भाऊ तेव्हा नववीत. पेनड्राइव्ह घेऊन आला, म्हणाला, "दादा, ह्यात आपल्या देवीचा गेम हाय." तो राजी होता, 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. एक मुलगी, असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते आणि दुर्गा तिला शस्त्र देते. राजस्थानी वाडे, पहाडी चित्रांसारखे रंग, मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेल्या. आम्ही तुळजापूरच्या जवळची माणसं, आमच्याकडे देवीचा त्रिशूळ हातात घेऊन खेळायचा गेम म्हणजे काय विचारता. रात्री दोनपर्यंत खेळलो.

शेवटी नावं सरकायला लागली आणि भाऊ म्हणाला, "हे तर पुण्याचे हायेत." नॉडिंग हेड्स गेम्स, पुणे. मी शोधून वाचलं. छोटी टीम. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, उद्दिष्ट पूर्ण झालं नाही, म्हणजे एकही पैसा मिळाला नाही. तरी काम सुरू ठेवलं. ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये बाकी ठिकाणी गेम आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्याच इंडी गेमच्या विभागात त्याला नामांकन होतं. आणि आम्ही दोघं तो फुकट खेळून बसलो होतो. इतकी वर्षं मी ज्यांचे गेम चोरले ते कुठेतरी अमेरिकेत, काचेच्या बिल्डिंगमध्ये, अब्जाधीश. हे लोक माझ्या ऑफिसपासून तासाभरावर बसत होते.

त्याच रात्री गेम विकत घेतला. भावाला म्हणालो, "परत असं आणू नको." तो शांतपणे म्हणाला, "तू व्हाइस सिटी विकत घेतलेलास व्हय?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. लोक म्हणतात, आधी क्रॅक खेळून बघतो, आवडला तर विकत घेतो. मी माझाच हिशोब काढला. क्रॅकवर खेळलेल्या गेमपैकी नंतर पैसे देऊन घेतलेले किती? दोन. त्यातला एक राजी.

कुलूपवाल्यांची बाजू पण आकड्यात आहे. २०१४ पासून डेनुव्हो नावाचं ऑस्ट्रियातलं एक कुलूप मोठ्या गेमना लागतं, पहिल्यांदा फिफा १५ ला लागलं. ते गेमचा वेग कमी करतं म्हणून खेळणारे शिव्या घालतात. २०२४ मध्ये त्याच्यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की गेम बाजारात आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात कुलूप तुटलं तर कमाई सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास घटते. वीस टक्के म्हणजे छोट्या कंपनीत कुणाची तरी नोकरी. पण त्याच अभ्यासात दुसरंही आहे, बारा आठवड्यांनंतर कुलूप तुटलं तर फरक जवळपास शून्य. मग तेराव्या आठवड्यापासून ते कुलूप कुणासाठी लावलेलं असतं? काही कंपन्या काही महिन्यांनी ते काढून टाकतात. बऱ्याच काढत नाहीत.

हा प्रश्न माझ्या अंगावर कसा आला ते सांगतो. गेमचं नाही, कामाचं आहे. दोन वर्षांपूर्वी मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो ते छोट्या गावांतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये चालायचं. लायसन्स तपासायचा भाग माझा. सॉफ्टवेअर रोज सकाळी आमच्या सर्व्हरला विचारायचं, ह्यांचे पैसे भरलेत का? एका सकाळी सर्व्हरचं सर्टिफिकेट संपलं. तारीख लक्षात ठेवायचं काम माझंच होतं, मी विसरलो. सगळीकडे लाल पाटी, 'लायसन्स अवैध'. साडेसातला फोन सुरू झाले. एक जण म्हणाले, "साहेब, बाहेर पेशंट उपाशीपोटी बसलेत, रिपोर्ट निघंना." पुढे जे म्हणाले ते मी विसरणार नाही. "शेजारच्याकडं डुप्लिकेट कॉपी आहे तुमचीच. त्याचं चालू आहे."

पत्र्याला डोंगल टेकवून बसलेला मी आठवलो. ह्या वेळी पलीकडचा माणूस मी होतो.

दुपारी दुरुस्त झालं. त्यानंतर मी मॅनेजरशी भांडून एक बदल करून घेतला. सर्व्हर बोलला नाही तर पंधरा दिवस सॉफ्टवेअर काही न विचारता चालणार. ते म्हणाले, लोक गैरफायदा घेतील. घेतला काहींनी, मी लॉगमध्ये बघितलं. पण शंका आली तर दार उघडं ठेवायचं, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. शंभर जणांनी पैसे भरलेत आणि पाच जण फुकट घुसलेत, तर वॉचमनने त्या शंभरांची झडती घेऊ नये.

कायदा थोडक्यात, कारण लोक कमेंटमध्ये विचारतातच. मी वकील नाही, पण कलमं वाचलीत. कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम ६३ब म्हणतं, चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरला तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. पैसे कमवायला किंवा धंद्यासाठी वापरलेला नसेल तर कोर्ट कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. २०१२ मध्ये कलम ६५अ आलं, की हक्क डावलण्याच्या हेतूने असं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. 'हेतूने' हा शब्द बघा. आणि कलम ५२ मध्ये विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत करून ठेवायची मुभा दिलेली आहे, फक्त कुलूप ती करू देत नाही. आपल्या महाराष्ट्रात तर झोपडपट्टी गुंड आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करायचा जो कायदा आहे, त्यात २००९ पासून व्हिडिओ पायरेट्स पण आहेत. सीडीवाला आणि हातभट्टीवाला एकाच रांगेत. आमच्या काकांना हे कळलं असतं तर त्यांनी मार्कर फेकून दिला असता.

पण उमरग्यातली सीडी पोलिसांनी बंद केली नाही. २०१५ च्या शेवटी स्टीमवर किमती रुपयांत दिसायला लागल्या. २०१६ मध्ये जिओ आलं, यूपीआय आलं. क्रेडिट कार्ड नसलेल्या पोराला सेलमध्ये शंभर-दीडशे रुपयांत गेम मिळायला लागला आणि तो घरी उतरायलाही लागला. स्टीमचे मालक गेब न्यूएल २०११ मध्येच म्हणाले होते, की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीचा नाही, सेवेचा प्रश्न असतो. आपल्याकडे दोन्हीचा होता, पण त्यांचं निम्मं तरी बरोबर आहे.

पोलंडमध्ये हे आणखी आधी झालं. नव्वदच्या दशकात वॉर्साच्या बाजारात अशाच सीड्या विकल्या जायच्या. सीडी प्रोजेक्ट नावाच्या कंपनीने बाल्डर्स गेट हा गेम विकायला घेतला तेव्हा कुलपाच्या भरवशावर राहिले नाहीत. पूर्ण गेम पोलिश भाषेत केला, नामवंत नटांचे आवाज घेतले, डबीत नकाशा घातला. चोरीच्या प्रतीत हे काही मिळत नव्हतं, लोकांनी विकत घेतला. पुढे त्याच कंपनीने द विचर बनवला आणि आज ते त्यांचे गेम कुलपाशिवायही विकतात. मला सारखं वाटतं, एखादा मोठा गेम पूर्ण मराठीत आला, उमरग्याच्या पोराला समजेल अशा मराठीत, तर आमच्या गल्लीत तरी तो चोरला जाईल का? कुणी करून बघितलेलं नाही.

आता तुमच्या फोनकडे येतो, कारण तुमच्यातल्या बहुतेकांनी सीडी बघितलेली पण नसेल. तुमची पायरसी म्हणजे मॉड एपीके, अनलिमिटेड कॉइन्स. ते इन्स्टॉल करताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि तुम्ही 'अलाऊ' दाबता. आमच्या क्रॅकमध्ये व्हायरस आला तर फार तर विंडोज परत टाकावी लागायची. तुमच्या फोनमध्ये वडिलांच्या बँकेचा ओटीपी येतो. एवढं तरी करू नका राव.

आणि आजचं कुलूप दिसत नाही, कारण गेमच तुमच्याकडे नसतो, तो सर्व्हरवर असतो. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर. बंदी योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. पण ज्यांनी पॉकेटमनीतून स्किन घेतल्या होत्या, त्यांच्या हातात काय होतं? यूबीसॉफ्टचा द क्रू गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला, सर्व्हर गेला आणि विकत घेतलेली डिस्क नुसती तबकडी झाली. त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली. मागणी साधी आहे, दुकान बंद करताना गेम चालेल अशी काहीतरी सोय ठेवून जा. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या दहा लाख सह्या पार झाल्या.

आणि क्रिकेट ०७? इए स्पोर्ट्सने त्यानंतर तसं क्रिकेट बनवणंच सोडलं. आज तो कुठल्याही ऑनलाइन दुकानात विकत मिळत नाही, मी पैसे हातात घेऊन शोधलाय. तरी तो जिवंत आहे, भारत-पाकिस्तानातली पोरं दरवर्षी नवीन संघ, नवीन जर्सी, आयपीएलचे पॅच टाकत राहतात. ते पॅच बहुतेक चोरीच्या प्रतींवरच चालतात. मला ह्याच्यात आरोपी कुणाला करायचं ते ठरवता येत नाही.

कालच मामाची ती डबी माळ्यावरून खाली काढली. पुस्तिकेमागची की अजून वाचता येते. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, म्हणून काकांकडे गेलो, तिथे आता मोबाईल रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. म्हटलं, जुना ड्राइव्ह आहे का? काका म्हणाले, "बघतो. पण क्रॅक नाही बरं का आता माझ्याकडं."

ड्राइव्ह मिळाला तर पुढच्या वेळी सांगतो. तुमच्यापैकी कुणाकडे क्रिकेट ०७ ची खरी, दुकानातून घेतलेली डबी असेल तर फोटो पाठवा, मला एकदा बघायचीय. चला, भेटू.